मोडलं तर मोडू दे

माझी लहानपणची भातुकली परवापरवापर्यंत जशीच्या तशी होती. सावंतवाडीची, लाकडी, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची. जातं आहे, चूल आहे, पोळपाट-लाटणं, पाटा-वरवंटा, खलबत्ता, हंडा-कळशी, ताक घुसळायची रवी, सगळं आहे. एक भांडं हरवलेलं नाही, कुठं टवका उडालेला नाही. पंचेचाळीस वर्षांपेक्षा जुनी वस्तू इतकी नीट राहिलेली बघून घरी येणारे कौतुक करतात. ते कौतुक मला ऐकवत नाही. ती नीट राहिली, कारण मी तिच्याशी कधी खेळलेच नाही.

मामा एसटीत कंडक्टर होता. त्याची बदली सावंतवाडी डेपोला झाली, तेव्हा सुट्टीवर येताना त्यानं चितार आळीतून ती आणली. मी सहा वर्षांची होते. आमच्या माणदेशातल्या गावात तसली वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. त्या आळीत पिढ्यान् पिढ्या लाकूड कातून, रंगवून खेळणी आणि फळं करतात, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की पुडक्यातून निघालेलं जातं खरंच फिरतं. मी ते दोनदा फिरवलं असेल. आई म्हणाली, “मोडंल. मोठी झालीस की खेळ.” वडील प्राथमिक शिक्षक होते आणि भिंतीतल्या कपाटाला त्यांनी नुकतीच काच बसवून घेतली होती. भातुकली काचेमागं गेली.

आईला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ज्या घरात चहाची कपबशी फुटली तर आठवडाभर हळहळ व्हायची, त्या घरात सुंदर वस्तू जपायचीच असते. त्या काळात किती घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीसकट बाहुली शोकेसमध्ये उभी असायची! मुलीसाठी आणलेली, आणि मुलीपासूनच जपलेली.

खेळले मी भरपूर. ज्वारीच्या धाटांची गाडी करायची. धाटाचं साल काढलं की आतलं पांढरं भेंड निघतं, सालाची सळई करून भेंडात टोचायची, जू, साठा, चाकं सगळं त्याच दोन वस्तूंतून. गाडी संध्याकाळपर्यंत टिकायची. बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल यायचे. चार दिवसांत एकाचं शिंग जायचं, मग तो म्हैस व्हायचा, मग पाय जायचा आणि तो बसलेला बैल व्हायचा. फुटक्या बांगड्यांचं काचापाणी, चिंचोके, गजगे. यातल्या एकाही वस्तूसाठी मला कुणी “मोडंल” म्हटलं नाही. ती मोडणारच होती.

१९८४ साली आई गावातल्या अंगणवाडीत सेविका झाली. वय बत्तीस, शिक्षण जुनी सातवी. एका कौलारू खोलीत पंचवीस-तीस मुलं, एक मदतनीस, छताच्या वाशाला टांगलेला वजनकाटा, भिंतीला वाढीचा तक्ता आणि कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी. पेटीत शासनाकडून आलेली खेळणी होती: लाकडी ठोकळे, दांडीत ओवायच्या रंगीत कड्या, मण्यांची चौकट, एक चेंडू, एक बाहुली, प्राण्यांची चित्रं. प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सरकारी सामानाच्या नोंदवहीत. हातात देतानाच आईला बजावलं गेलं होतं, की नग कमी भरला तर मानधनातून कापून घेतलं जाईल. मानधन इतकं तुटपुंजं, की त्यातून एक चेंडू कापला तरी आमच्या घरात जाणवला असता. आईनं पेटीला कुलूप लावलं. तपासणीच्या दिवशी ते उघडायचं, खेळणी सतरंजीवर मांडायची, मुलांनी हाताची घडी घालून बसायचं. तपासणी झाली की नग मोजून परत आत.

मी तेव्हा अकरा वर्षांची. शाळा सुटली की अंगणवाडीत जायचे आणि आईला रजिस्टरं भरायला मदत करायचे. मुलं पेटीवर बसून घोडा-घोडा खेळायची. आतल्या खेळण्यांपेक्षा पेटीच जास्त खेळली गेली.

त्या वर्षी एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही, आता तो स्वतः बाप आहे. तीन वर्षांचा, पण दिसायला दीड-पावणेदोनचा. वजन तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे गंभीर कुपोषणात. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे, तो आजीजवळ असायचा. आजी त्याला सकाळी आणून भिंतीला टेकवून बसवायची आणि तो खिचडी येईपर्यंत तसाच बसायचा. रडायचा नाही, बोलायचा नाही. आईनं त्याला जास्तीचा घास देऊन देऊन थोडं वजन वर आणलं. तक्त्यावरचा ठिपका सरकला. ती घरी येऊन म्हणायची, “वजन चढतंय, पर डोळं तसंच हायती.”

एक दिवस त्याच्या हातात रिकामी आगपेटी आली. कुठून ती कळलं नाही, मदतनीस मावशींनी स्टोव्ह पेटवून टाकून दिली असेल. तो ती उघडत होता, मिटत होता. पुढं ढकलली की आतला कप्पा बाहेर, मागं ढकलली की गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आई त्याच्यासमोर मांडी घालून बसली. त्याच्या हातून आगपेटी घेतली, आत एक चिंचोका टाकला, मिटली आणि परत दिली. त्यानं उघडली. चिंचोक्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं.

एवढंच झालं. तो काही त्या दिवशी बोलायला लागला नाही. पण त्यानं चिंचोका बाहेर काढला, परत आत ठेवला, मिटली आणि आगपेटी आईपुढं केली. आता तू उघड.

पुढं कित्येक वर्षांनी मी जाँ पियाजे यांच्याविषयी वाचलं. या स्विस मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या तीन मुलांचं तान्हेपणापासून निरीक्षण केलं. हातातली वस्तू कापडाखाली लपवायची आणि बाळ काय करतं ते टिपायचं. अगदी लहान बाळ शोधतच नाही. दिसेनाशी झाली म्हणजे त्याच्यापुरती ती उरलीच नाही. आठव्या महिन्याच्या आसपास ते कापड ओढायला लागतं, कारण नजरेआड गेलेली वस्तूही कुठंतरी असते, हे त्याला उमगलेलं असतं. आपल्या आज्या पदराआड तोंड लपवून ‘बुवा कुक’ करतात, तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. आजी गेली, आजी आली. हा खेळ बाळाला शंभरदा हवा असतो, कारण जग टिकून राहतं की नाही याची खात्री शंभरदा करून घ्यावी लागते.

आमचा हा मुलगा तीन वर्षांचा होता, आठ महिन्यांचा नव्हता. पण त्याच्या आयुष्यात आईबाप दिसेनासे व्हायचे ते सहा-सहा महिने. आगपेटीतला चिंचोका मात्र दर वेळी सापडायचा. मी जास्तीचा अर्थ लावत असेन. आईनं तसं कधी म्हटलं नाही. तिनं त्या रात्री फक्त घरातल्या सगळ्या रिकाम्या आगपेट्या गोळा केल्या.

तिथून तिचा कारखाना सुरू झाला. पत्र्याच्या डबीत बाजरी, दुसरीत तूर, तिसरीत खडे. वाजवून ओळखायचं, कुठल्यात काय. सोडावॉटरची बुचं ठोकून सपाट करायची, दोन भोकं पाडून दोरा ओवायचा, की भिंगरी झाली. चिंध्यांचा चेंडू, चिंध्यांची बाहुली. नारळाच्या करवंट्या एकात एक बसवायच्या. सायकलचं फाटकं टायर. चिंचोके, बाभळीच्या शेंगा आणि हरभरे एकत्र करून द्यायचे, मुलांनी वेगळे करायचे. भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवायचं. शेंग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबायची, टक् आवाज, आतले दाणे मोजायचे, खायचे. गुरुजी असलेले माझे वडील म्हणायचे, पहिलीत पेन्सिल धरायची बोटं हिच्या शेंगांवर तयार होऊन येतात. ते अगदी खरं होतं. चिमटीची ती पकड बाळाला नऊ-दहा महिन्यांच्या सुमाराला साधायला लागते, पण तिच्यात जोर आणि बारकावा यायला वर्षं जातात. पाटीवर ‘ग’ गिरवून तो येत नाही. शेंगा सोलून, माती मळून, मणी ओवून येतो.

दोन गोष्टींत ती कडक होती. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात चिंचोका, मणी, दाणा काही पडू द्यायची नाही. एकदा एका पोरीनं हरभरा नाकात घातला होता आणि दहिवडीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि दुसरं, खेळ चालू असताना ती उठायची नाही. रजिस्टर नंतर. सुपरवायझर बाई दारात आल्या तरी आधी हातातला डाव पुरा.

ही दृष्टी तिला कुठून आली, असं मी तिला विचारलं होतं. थोडी तिच्या आईकडून. आणि थोडी प्रशिक्षणातून, जिथं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी सांगितलं गेलं होतं. ताराबाई भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसोरी पद्धतीची साधनं, तो गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा, ते खोबणीत बसवायचे दंडगोल, त्यांच्या रोजच्या हाताळणीतले. मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, पण भारतात ती साधनं येईस्तोवर महाग होऊन आली. १९४५ साली ताराबाईंनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई त्यांना तिथं येऊन मिळाल्या. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तिथं ती महागडी साधनं कुठून आणायची? त्यांनी शंख-शिंपले घेतले, बिया घेतल्या, पानं, दगड, बांबूच्या कांड्या घेतल्या. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत हे शिंपल्यातही असतंच. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी फलकावर वाचतो, पण त्यातलं अंगण असं खरंखुरं, शेणानं सारवलेलं होतं.

आईनं बोर्डीचा समुद्र कधी पाहिला नाही. माणदेशात शिंपले कुठले? चिंचोके होते.

ज्या योजनेतून अंगणवाड्या आल्या, ती केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला ३३ प्रकल्पांतून सुरू झाली, तेव्हाच तिच्यात आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला पूर्वशालेय शिक्षणही होतं. लोकांच्या मनात मात्र खिचडीच राहिली. गावात आईच्या अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणत. ‘बाई दिवसभर पोरांबरोबर खेळत बसते’ ही तक्रार ग्रामसभेपर्यंत गेली होती. त्या दिवशी ती घरी येऊन बराच वेळ बोलली नाही.

तिच्या बाजूनं ग्रामसभेत सांगता येईल असं काहीतरी त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला घडत होतं. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ साली ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाबरोबर खेळायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना दोन्ही नाही. हे दोन वर्षं चाललं. खेळणी टाकाऊ वस्तूंतून हातानं केलेली होती. सेविका ती आठवडाभर घरात ठेवून जायची आणि पुढच्या खेपेला बदलून द्यायची. ती मुलं विशी ओलांडून कमावती झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. २०१४ साली निष्कर्ष छापून आले: ज्यांच्या घरी खेळ गेला होता, त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा तसा ठसा इतक्या वर्षांनी कमाईत सापडला नाही.

याचा अर्थ आहार दुय्यम असा कुणी काढू नये. उपाशी मूल खेळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पोट भरल्यावरही भिंतीला टेकून बसलेलं मूल मी पाहिलं आहे. तक्त्यावरचा ठिपका सरकतो आणि डोळे तसेच राहतात, हे आईनं जे म्हटलं होतं, ते त्या १२९ मुलांच्या अभ्यासानं मला नव्यानं समजावलं. त्यातली खेळणी काय होती हे वाचताना माझे हात थांबले. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पुठ्ठे, चिंध्या. सेविका ती घरात ठेवून जायची. म्हणजे ती फुटणार, फाटणार, हे गृहीत होतं.

मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तीच सगळ्यांत कमी बोलली जाते. लहान मुलाच्या खेळण्याला मोडण्याची मुभा हवी. जी वस्तू मोडली तर कुणीतरी रागावणार आहे, ती मुलाच्या हातात असली तरी मुलाची होत नाही. त्याचं निम्मं लक्ष रागावणाऱ्याकडं असतं. मातीच्या बैलाचं शिंग गेलं म्हणून तो म्हैस झाला; शिंग जाऊच दिलं नसतं तर म्हैस कुठून आली असती? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात काठीच्या घोड्यावर बसणाऱ्या मुलाचं उदाहरण घेतलं होतं. काठीला घोडा म्हणताना ते मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला शिकतं. समोर दिसते काठी, मनात असतो घोडा, आणि वागणं मनातल्या घोड्याप्रमाणं. पुढं हेच मूल कागदावरच्या तीन रेघांना ‘घर’ असं वाचणार असतं. भाषा, अक्षर, आकडा, सगळं त्या काठीवर बसूनच येतं. आणि काठीला पुन्हा काठी करता येते, उद्या तलवार करता येते, म्हणून ती चालते. हुबेहूब घोडा फक्त घोडाच राहतो.

शासनाच्या पेटीचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी आईनं कुलूप काढलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं वडिलांनाही विचारलं नाही. मुलांनी ठोकळ्यांचं गाव केलं, ओढा केला, एसटी स्टँड केला, आणि महिन्याभरात एक निळा ठोकळा हरवला. तो ओढ्यात गेला असेल, कुणाच्या खिशातून गेला असेल. आई दोन रात्री झोपली नाही. मग ती गावातल्या सुताराकडं गेली आणि बाभळीच्या लाकडाचा, तेवढ्याच मापाचा एक ठोकळा करून आणला. रंग नव्हता. तपासणीच्या दिवशी सुपरवायझर बाईंनी ठोकळे मोजले. नग बरोबर भरले. मग त्यांनी तो बाभळीचा ठोकळा उचलला, तळहातावर तोलून बघितला, आईकडं बघितलं आणि काही न बोलता रजिस्टरवर सही केली. पुढच्या काही वर्षांत त्या पेटीत बाभळीचे सात ठोकळे झाले. मुलांना तेच जास्त आवडायचे. ते जड होते आणि आपटले की आवाज चांगला यायचा.

२०२३ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला, त्याची बातमी मी आईला वाचून दाखवली. खेळणी, कोडी, कळसूत्री बाहुल्या, गोष्टी, असं सगळं त्यात आहे. धोरण म्हणून हे फार चांगलं झालं आहे. इतक्या उशिरा का होईना, खेळ हेच लहान मुलाचं शिक्षण, हे कागदावर आलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुलूप हाय का त्येला?”

आई आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. पुण्यात आमच्याकडं असते. माझी लेक, जावई आणि अडीच वर्षांचा नातू शेजारच्याच इमारतीत राहतात. लेक नोकरी करते, मुलावर जीव टाकते, आणि त्याच जिवापोटी त्याच्यासाठी खूप खेळणी घेते. एक बॅटरीवरचं आहे. बटण दाबलं की गाय हंबरते, दुसरं दाबलं की इंग्रजी मुळाक्षरांचं गाणं लागतं. नातवानं पहिल्या दिवशी ते पुष्कळ वेळा दाबलं. मग ते उलटं केलं आणि मागच्या बारीक स्क्रूवर नख लावून बसला. त्याला आत जायचं होतं. आम्ही ते काढून घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. त्यातल्या चपट्या बटण-सेलसारखी घातक वस्तू दुसरी नाही. पोटात जाताना अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. पण मला त्या स्क्रूवरच्या नखाचं वाईट वाटलं. गाय कुठून बोलते, हा किती चांगला प्रश्न होता.

अमेरिकेतल्या संशोधक ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या बाळांची २६ घरं घेऊन पाहिलं होतं, की बोलणारी-गाणारी खेळणी असताना घरात काय होतं. आईबापांचं बोलणं कमी होतं, बाळाचे आवाज कमी होतात, दोघांतली देवाणघेवाण कमी होते. साधे ठोकळे असले की ती वाढते, आणि चित्रांचं पुस्तक असलं तर आईबाप सगळ्यांत जास्त बोलतात. खेळणं बोलायला लागलं की माणूस गप्प बसतो. मी हे माझ्या घरात तपासून बघितलं. गाय हंबरत असताना मी फोनवर मेसेज वाचत होते.

दुसरा एक छोटा अभ्यास ओहायोतल्या टोलिडो विद्यापीठातला, २०१८चा. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळण्यांबरोबर आणि एकदा १६ खेळण्यांबरोबर खेळू दिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हे वाचून लेकीनं स्वतःच अर्धी खेळणी पिशवीत भरून माळ्यावर टाकली. मला तिचं कौतुक वाटलं.

मागच्या महिन्यात गावचं घर आवरायचं निघालं. भिंतीतलं कपाट रिकामं करताना भातुकली बाहेर काढली आणि पुण्याला घेऊन आले. सवयीनं हॉलमधल्या काचेच्या फळीवर मांडली. मीसुद्धा. सहा वर्षांची असताना ज्या काचेवर नाक टेकून उभी राहायचे, तशीच दुसरी काच मी स्वतःच्या हातानं तिच्यावर लावली आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आईच्या आलं. रविवारी दुपारी सगळे जमलो होतो. ती काठी टेकत उठली, काच सरकवली आणि एकेक भांडं काढून सतरंजीवर ठेवू लागली. लेक म्हणाली, “अगं आज्जी, अँटिक आहे ते! आणि जुना रंग आहे, तोंडात घातलं तर?” आई म्हणाली, “मी बसती न्हवं का समोर.” ती खाली बसली, तिच्या गुडघ्यांना न परवडणारी मांडी घालून.

नातवानं आधी नुसतं बघितलं. मग लाटणं उचललं, कानाला लावलं आणि ‘हॅलो’ म्हणाला. पोळपाट उभा करून गडगडत सोडला, तो सोफ्याखाली गेला. खलबत्त्यात काहीतरी कुटलं आणि पणजीला प्यायला दिलं. तिनं चहा फुंकून फुंकून प्यायला, साखर कमी पडल्याचं सांगितलं. त्यानं आणखी कुटलं. मग जातं जवळ ओढलं, खुंटा धरून गरगर फिरवलं, आणि मी फक्त दोनदा फिरवलेलं ते जातं वीस-पंचवीस वेळा फिरल्यावर खुंटा निघून त्याच्या हातात आला.

मी आणि लेक एकदम पुढं झालो. आईनं हात आडवा केला. “मोडू दे.”

त्यानं हातातल्या खुंट्याकडं बघितलं. आमच्या तिघींच्या चेहऱ्यांकडं बघितलं. मग तो खुंटा त्यानं हंड्यात टाकला, वर परात झाकली आणि हंडा दोन्ही हातांनी पणजीपुढं सरकवला.

आईनं परात हळूच उचलली, आत डोकावली, आणि भुवया वर करून म्हणाली, “हाय की!”